रस्ते लोकांचे, मग सभा कोणाच्या?

मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढी रक्कम निवडून आलेल्या एकाही नगरसेवकाच्या मताविना मंजूर झाली. मार्च २०२२ पासून सभागृह रिकामे होते. प्रस्ताव प्रशासनाचा आणि त्यावर संमतीची मोहोरही प्रशासकाचीच. ज्यांच्या नळाचा, गटाराचा, इस्पितळातल्या खाटेचा हा पैसा, त्या मुंबईकरांच्या घरी शेकडो वाहिन्या दिसत होत्या. त्यांत त्यांच्या पालिकेचा कारभार दाखवणारी एकही नव्हती. पुण्यातही २०२२ पासून प्रशासकाचेच राज्य होते. सभागृहे पुन्हा भरली म्हणून हा प्रश्न मिटत नाही. नगरसेवक सभागृहात बसला, तरी तो तिथे काय बोलतो आणि कशाला हात वर करतो हे मतदाराला दिसत नसेल, तर त्या बसण्याची किंमत किती?

संसदेला स्वतःची वाहिनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी देशाला घरबसल्या पाहता येऊ लागली. न्यायमूर्तींना लोकांच्या नजरेचा संकोच वाटला नाही. मग स्थायी समितीला तो का वाटावा? रस्त्याचे कंत्राट कोणाला द्यायचे, कचरा कुठे टाकायचा, कोणत्या भूखंडावरचे आरक्षण उठवायचे, हे निर्णय माणसाच्या उंबऱ्याशी येऊन भिडतात. त्याच निर्णयांवर सर्वांत जाड पडदा आहे.

हा पडदा कायद्याने टांगलेला नाही. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा सांगतो की सभा लोकांसाठी खुली असेल. बंद दाराआड घ्यायची असेल, तर उपस्थित सदस्यांच्या बहुमताने तसा ठराव व्हायला हवा. राणीच्या राज्यात लिहिलेला हा नियम आहे. त्या काळी सभा खुली ठेवायची म्हणजे प्रेक्षकांसाठी बाके मांडायची, एवढेच शक्य होते. आज दीड कोटीच्या घरात गेलेल्या शहरालाही आम्ही तीच बाके दाखवतो! सज्जात जेवढी माणसे मावतील तेवढ्यांसाठीच लोकशाही खुली, हा अर्थ १८८८ साली चालून गेला असेल. आज तो चालवून घेणे हा नागरिकांचा अपमान आहे.

जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या शोभेसाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सभागृहात त्यांनी एकट्यांनी विरोध केला. त्या एका मताची आठवण महाराष्ट्राने जपली, कारण ते मत फुल्यांचे होते. आजही एखाद्या नगरपरिषदेत एखादी नगरसेविका एकटी उभी राहून टक्केवारीच्या प्रस्तावाला नाही म्हणत असेल. तिचे भाषण इतिवृत्ताच्या एका ओळीत मिटते, आणि ती ओळही पुढच्या सभेत कायम होईपर्यंत लोकांना वाचायला मिळत नाही.

मग सभा दाखवणारी स्थानिक वाहिनी अडते कुठे? आधी दिल्लीत. फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची मक्तेदारी नको आणि धनदांडग्यांचीही नको. पुढच्या तीन दशकांत दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय झाले ते पाहा. उपग्रह वृत्तवाहिनी काढायची तर कंपनी किंवा मर्यादित दायित्वाची भागीदारी हवी आणि तिची निव्वळ मालमत्ता २० कोटींची हवी. सामुदायिक दूरचित्रवाणी या नावाचा परवानाच या देशात नाही. पालिका-पंचायतींनी प्रसारणात उतरू नये, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली केली. तिच्यामागची भीती खरी आहे आणि ती आम्हालाही वाटते: महापौराच्या हाती वाहिनी दिली, तर ती महापौराची भाटगिरीच करील. पण मालकी सरकारची नको म्हणजे वाहिनीच नको, हा निष्कर्ष कोणत्या तर्कात बसतो? वाहिनी नागरिकांच्या स्वतंत्र विश्वस्त संस्थेने चालवावी. आयुक्त, महापौर आणि केबलचालक यांपैकी कोणाचीही कात्री तिच्यावर चालू नये.

दुसरी अडचण पैशाची, आणि इथे राज्य सरकारनेही उत्तर दिले पाहिजे. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी मुंबईत केबलच्या प्रत्येक जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये करमणूक शुल्क जमा होत असे. ते राज्याच्या तिजोरीत जाई. जुलै २०१७ नंतर केबलच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागला आणि त्याची वाटणी केंद्र आणि राज्य यांच्यात होते. एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने करमणूक कराचा अधिकार केवळ स्थानिक संस्थांसाठी शिल्लक ठेवला, म्हणजे दार घटनेने उघडे ठेवले आहे. खणले जातात ते रस्ते पालिकेचे, पावसाळ्यात खचतात तेही पालिकेचेच. तरी २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी दूरसंचार कंपन्यांच्या भूमिगत तारांसाठी पालिकेच्या प्रशासकीय शुल्काला किलोमीटरमागे हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा मिळतो, पण त्या तारेतून वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कमाईत गावाचा वाटा नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलावरचे परवाना शुल्क आणि डीटीएचचे शुल्क, दोन्ही केंद्राकडे जातात.

अमेरिकेने १९८४ च्या केबल कायद्यात हा वाटा मान्य केला. तिथे शहर आपल्या रस्त्यांच्या वापराबद्दल केबल कंपनीकडून तिच्या ढोबळ उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकते आणि नागरिक, शाळा व स्थानिक शासन यांच्यासाठी वाहिन्या राखून घेऊ शकते. त्या वाहिन्यांच्या मजकुरात कंपनीला ढवळाढवळ करता येत नाही. व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टनचे महापौर असताना बर्नी सँडर्स अशाच वाहिनीवरून रस्त्यावरच्या माणसांशी बोलत. पण तो इतिहास आम्ही डोळे मिटून वाचणार नाही. तिथे कंपन्यांनी राज्यांकडून सोयीचे कायदे करून घेतले. लॉस एंजेलिसमधले लोकांसाठीचे स्टुडिओ २००८ च्या अखेरीस बंद झाले. २०१९ साली अमेरिकेच्या संचार आयोगाने ठरवले की कंपनीने वस्तुरूपाने दिलेल्या सोयीही त्या पाच टक्क्यांतच मोजायच्या. शिवाय हे शुल्क केबलच्या दूरचित्रवाणीपुरते असल्याने ग्राहक इंटरनेटकडे वळतात तसतसा झरा आटतो. आपला कायदा करताना हे ध्यानात हवे. वाटा केबलच्या बिलावर न बांधता रस्त्याखालून आणि खांबांवरून जाणाऱ्या प्रत्येक तारेच्या कमाईवर बांधला पाहिजे.

आपल्याला हे जमणार नाही, असे कोणी म्हणत असेल, तर त्याने गुजरातमधला खेडा जिल्हा आठवावा. १९७५ पासून पीज गावच्या लहानशा दूरचित्रवाणी प्रक्षेपकावरून तिथल्या गावांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत मांडले गेले. गावकरी लिहीत, अभिनय करीत, सावकार आणि मजुरी यांवर उघड बोलत. १९८४ साली या प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पीजचे प्रक्षेपण बंद झाले. याला आम्ही गुन्हा म्हणतो.

सामुदायिक रेडिओला २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी वाट मिळाली. माणदेशात म्हसवडला 'माणदेशी तरंग' उभे राहिले, ते बायकांच्या बळावर. पण अशा केंद्राला स्वतःची बातमी देण्याची मुभा नाही. आकाशवाणीची बातमी तेवढी पुन्हा ऐकवता येते. टँकर आला नाही, ही म्हसवडची बातमी दिल्लीहून यायची काय?

यूट्यूब फुकट आहे, तिथे टाका, असा सल्ला आम्हाला दिला जातो. टाकाच, आजच टाका. पण चित्रीकरण कोण करणार, पाच तासांच्या सभेतला दहा मिनिटांचा सारांश कोण काढणार, प्रस्ताव क्रमांक अमुक म्हणजे नेमके काय हे साध्या मराठीत कोण समजावणार? त्याला पगारी माणूस लागतो आणि तो निर्भय असावा लागतो. ज्या शहरांत केबलचे जाळे आणि पालिकेची सत्ता एकाच घरात नांदते, तिथे तर असा माणूस अधिकच हवा.

आमची मागणी केंद्राकडे आहे: सामुदायिक दूरचित्रवाणीचा स्वतंत्र परवाना द्या, दूरदर्शनप्रमाणे तिचे प्रक्षेपण प्रत्येक केबलचालकाला बंधनकारक करा, सामुदायिक केंद्रांवरची बातमीबंदी उठवा आणि तारांच्या कमाईतला वाटा कायद्याने ठरवून द्या. राज्याला मात्र दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. नगरविकास आणि ग्रामविकास खात्यांनी याच महिन्यात आदेश काढावेत: महापालिका आणि नगरपरिषदांची प्रत्येक सर्वसाधारण सभा, स्थायी समितीची प्रत्येक बैठक आणि प्रत्येक ग्रामसभा चित्रित होईल, ते चित्रण चोवीस तासांत, काटछाट न करता सर्वांना खुले होईल, आणि ज्या सभेचे चित्रण नाही, त्या सभेत मंजूर झालेल्या खर्चाचे एकही देयक लेखा विभाग काढणार नाही.