जुन्या वस्तूला कल्हई करा, मुलामा नको

खडकी बाजारात दुकान चालवणाऱ्याला बदलीचा मोसम कॅलेंडरात पाहावा लागत नाही. शाळांच्या परीक्षा संपल्या की लष्करी वसाहतींतून टेम्पो निघू लागतात. अर्धे सामान टेम्पोत चढते आणि अर्धे बाजारात येते. लोखंडी कपाट, दिवाण, वेताच्या खुर्च्या, पडद्यांच्या दांड्या, मुलांची लहान झालेली सायकल. १८१७ च्या लढाईनंतर येथे इंग्रजांची छावणी वसली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, पुढे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र झाले. छावणीतले गिऱ्हाईक हे दोन-तीन वर्षांचे पाहुणे. ते नवे महाग सामान कशाला घेईल? स्वस्त आणि दिसायला बरे असे त्याला हवे असते, आणि जाताना ते पुन्हा विकायचे असते.

म्हणून जुन्या वस्तूंचे रंगरूप बदलून विकण्याचा धंदा आपल्याकडे काल-परवाचा नाही. आमच्या शेजारच्या दुकानात एक लोखंडी कपाट तीन वेळा आले आणि तीन वेळा गेले. दाराच्या कडेला कोठे खरवडले तर करड्या रंगाखाली बदामी आणि बदामीखाली हिरवा रंग दिसत असे. प्रत्येक थरामागे आपल्याच एखाद्या कारीगराची मजुरी आहे. पॉलिशवाला, डिको मारणारा, गादीवाला, वेत विणणारा, रफूगर, कल्हईवाला हे सारे हात आपल्या मोहल्ल्यांत आहेत. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार घ्या की मुंबईचा चोर बाजार घ्या, तेथेही आपले बंधू मोठ्या संख्येने दिसतात.

अलीकडे या धंद्याला नवी हवा लागली आहे. नव्या इमारतींत राहायला आलेल्या तरुण जोडप्यांना जुनी पेटी, जुना आरसा, जुनी खुर्ची नक्षी काढून, रंगवून हवी असते. येथून भंगाराच्या भावात उचललेली ट्रंक वेलबुट्टी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या दुकानात ठेवली की तिची किंमत कित्येक पट होते. वेलबुट्टी काढणारा मात्र दिवसाच्या रोजावरच राहतो. यावर पुढे बोलू. त्याआधी आमच्या मनात वर्षानुवर्षे सलणारी एक गोष्ट सांगणे जरूर आहे.

आमचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले. उर्दूत एखाद्याचे बिंग फुटले की त्याची कलई खुलली असे म्हणतात. मराठीत त्याच प्रसंगी पितळ उघडे पडते. दोन्ही बोलींना ही म्हण एकाच भट्टीवरून मिळाली आहे. पण आम्हाला नेहमी वाटते की यात बिचाऱ्या कल्हईवर अन्याय झाला. कल्हई कोणाला फसवण्यासाठी नसतेच. तांबट आळीत घडलेले भांडे असो की बाजारातले साधे पातेले, तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथिलाचा थर देतात. कल्हईवाला भाता मारून भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथील टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. भांडे चांदीसारखे चमकते. ते चांदीचे आहे असे तो म्हणत नाही आणि गृहिणीलाही तसे वाटत नाही. थर झिजला की ती पुन्हा त्यालाच बोलावते. मुलाम्याचे तसे नसते. खाली काय आहे ते कळू नये एवढ्यासाठीच तो चढवतात. जुन्या सामानाच्या सजावटीत आज ही दोन्ही कामे चालतात, आणि दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

मुलाम्याचे काम आम्ही स्वतः केले आहे, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे. २००९ सालची गोष्ट. आमच्याकडे मरून रंगाच्या मखमलीचा एक लॉट पडून होता. एका फर्निचरवाल्याशी ठरले की त्याने जुने सोफे आणायचे, आम्ही कापड द्यायचे आणि नफा वाटून घ्यायचा. आठ-नऊ सेट अशा रीतीने गेले. त्यातल्या एका सोफ्याचा सांगाडा उघडा असताना आम्ही तेथेच उभे होतो. कारागिराने पायावर हातोडीचा टोला दिला तेव्हा बारीक छिद्रांतून पिठासारखी भुकटी गळली. घुण लागला होता. कारागीर आमच्याकडे पाहत राहिला. फर्निचरवाला म्हणाला, "वर कापड लागले की आत कोण बघतो?" आम्ही काही बोललो नाही. कापड आमचे आणि लाकूड त्याचे, असा हिशेब आम्ही मनाशी केला.

तो सोफा एका रिक्षाचालकाने मुलीच्या लग्नात द्यायला घेतला. साडेसहा हजार रुपयांना. चार महिन्यांनी मुलीच्या सासरी पाहुणे बसलेले असताना त्याचा पुढचा पाय मोडला. बाप आमच्या दुकानी आला. तो भांडला असता तर बरे झाले असते. त्याने खिशातून कागदाची पुडी काढून गल्ल्यावर उघडली. आत तीच भुकटी होती. म्हणाला, "भाई, कापड तुमचे चांगले आहे. ते अजून फाटले नाही."

पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले, फर्निचरवाल्याच्या हिश्शासकट. पण सासरी त्या मुलीने जे ऐकून घेतले असेल ते परत करण्याचा उपाय आमच्याजवळ नव्हता. कारागिराला आम्ही पुढे विचारले की तू का बोलला नाहीस. तो म्हणाला, मालक गप्प असल्यावर मजुराने बोलायचे कसे?

हुजूर (स.) बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटे ओली होतात, व्यापारी पावसाचे कारण सांगतो आणि त्याला विचारले जाते की ओले धान्य वर का ठेवले नाहीस, ही हदीस आपल्यातील प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. फसवणाऱ्याचे आपल्याशी नाते नाही हा तिचा शेवटही पाठ आहे. फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाचा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. विक्रीच्या वेळी वस्तूत दडलेला दोष होता आणि घेणाऱ्याला तो माहीत नव्हता, तर त्याला वस्तू परत करता येते. जुन्या फर्निचरच्या धंद्यावर तर हा मसला रोजच लागू पडतो. तरी दुकानात पाटी असते: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. आमच्याही दुकानात ती होती.

जुनी वस्तू वापरण्यात किंवा सांधण्यात कमीपणा मानणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज नाही. हुजूर (स.) आपले जोडे स्वतः सांधत आणि कपडे स्वतः शिवत, असे हजरत आयेशा (र.) यांच्या रिवायतीत आहे. सवाल फक्त काय सांधले हे सांगण्याचा आहे.

आता धंद्याच्या दोन गोष्टी. सजवण्याजोगे काय आणि नसलेले काय हे ओळखण्यातच अर्धा नफा असतो. सागवानी सांगाडा कितीही कळकट असो, घासून चपडा लाखेचे पॉलिश दिले की उजळतो. उलट भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डात एकदा पाणी शिरून तो फुगला की पुन्हा बसत नाही. त्यावर कितीही सुंदर कागद चिकटवा, ती मेहनत वाया जाते. लोखंडी कपाटाचा तळ आधी पाहावा. गंज वरवरचा असेल तर घासून रेड ऑक्साइड आणि मग रंग. पत्रा कुजला असेल तर आधी वेल्डिंगवाला, रंगवाला नंतर. आणि कधी कधी काहीच न करणे हे उत्तम काम असते. अस्सल बर्मा सागाच्या आरामखुर्चीवर पांढरा डिको मारलेला आम्ही याच बाजारात पाहिला आहे. मारणाऱ्याने तिची निम्मी किंमत स्वतःच्या हाताने पुसली.

कापडाबाबत आम्ही जरा अधिकाराने बोलू. पडद्याचे कापड सोफ्यावर लावू नका. ते स्वस्त पडते, पण बसण्याचा ताण शिवणीवर येतो आणि वर्षात उसवते. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. तीन माणसांच्या सोफ्याला सहा-सात मीटर लागते, आणि मोठी नक्षी असेल तर ती जुळवण्यात आणखी जाते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. फोम नवा घातला की जुनाच उलटा करून बसवला हे तर सांगितलेच पाहिजे, कारण ही लबाडी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त चालणारी आहे. कटपीस फेकू नयेत. उशांचे अभ्रे, स्टुलाची बैठक, आरशाची चौकट, पेटीचे आतले अस्तर यांत ते खपतात आणि त्यांतच खरी मिळकत आहे.

एक इशारा मात्र गांभीर्याने द्यायचा आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांवर अशी सक्ती नव्हती. म्हणजे जुना पाळणा, जुनी खेळणी, जुनी खिडकी यांवरील रंगात शिसे असू शकते. आपले कारीगर हे रंग घरातच, एका खोलीत, कोरड्या कागदाने घासतात आणि पलीकडे लेकरे जेवत असतात. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. वॉटर पेपरने ओले घासावे, तोंडाला मुस्के बांधावे, मुलांना बाहेर ठेवावे, काम संपल्यावर फरशी ओल्या फडक्याने पुसावी. पाळण्यावरचा जुना रंग पुरता निघत नसेल तर तो पाळणा विकू नये.

कराचेही थोडे सांगतो, कारण नोंदणीकृत दुकानदारांनाही ते पुष्कळदा माहीत नसते. जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पूर्ण विक्रीवर नव्हे, तर खरेदी आणि विक्रीच्या फरकावर कर भरता येतो. अट अशी की खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेले नसावे आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे वस्तूचे स्वरूप बदललेले नसावे. दोन हजाराला घेतलेले कपाट रंगवून चार हजाराला विकले तर कर दोन हजारांवर. रंगाचा खर्च त्यातून वजा होत नाही. ट्रंकेचे बाक केले किंवा दाराचे टेबल केले तर स्वरूप बदलले की नाही हा वाद निघू शकतो. तेथे आपल्या हिशेबनीसाला आधी विचारावे. पण हे सारे खरेदीची पावती असेल तरच. आपल्याकडे नेमकी तीच नसते.

आता कारागिराकडे येऊ. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत. सुतार आहे, शिंपी आहे, लोहार आहे. पॉलिशवाला, गादीवाला, पिंजारी, कल्हईवाला नाहीत. जुन्या घरगुती वस्तूंना नवे रूप देणारे हेच हात यादीबाहेर राहिले. आपल्या संघटनांनी यासाठी अर्ज-विनंत्या केल्या पाहिजेत. तोवर सोफ्याची खोळ शिवणाऱ्यांनी शिंपी म्हणून आणि सांगाडा दुरुस्त करणाऱ्यांनी सुतार म्हणून नोंदणी करावी. योजनेतील कर्जाला ५ टक्के व्याज आहे, त्यामुळे अनेक जण सगळ्या योजनेकडेच पाठ फिरवतात. पण अवजारांसाठी मिळणारे १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि प्रशिक्षणाच्या काळातील रोज ५०० रुपये हे कर्जापासून वेगळे आहेत.

सरकारचे सरकार पाहील. आपल्या हातात आहे तेवढे तरी आपण करतो का? नक्षी काढणाऱ्याला रोज देण्याऐवजी नगावर हिस्सा दिला तर काय बिघडेल? आम्ही तीन वर्षांपासून दोन कारागिरांशी असा व्यवहार ठेवला आहे. विक्रीतून खरेदी आणि साहित्याचा खर्च वजा जाता उरलेल्याचा तिसरा भाग त्यांचा. सुरुवातीला आम्हाला हे जड गेले, खोटे का बोला. पण फायदा असा झाला की सांगाड्यात घुण दिसला की आता तेच पहिल्यांदा ओरडतात, कारण माल परत आला तर हिस्साही परत जातो.

ऐब सांगितला तर माल विकला जाईल का, असे बंधू विचारतात. काही गिऱ्हाइके निघून जातात हे खरे. काही त्या ऐबावर बोट ठेवून भाव पाडतात, तेही खरे. पण छावणीतला माणूस बदलून जाताना आपल्या जागी येणाऱ्याला दुकानाचे नाव सांगून जातो. ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

आम्ही छापील चिठ्ठ्यांची पुस्तके करून घेतली आहेत. वस्तू कोणत्या लाकडाची वा धातूची, काय जुने, काय नवे, कोठे सांधले, फोम कोणता, घुण-वाळवीवर औषध केले असल्यास केव्हा, आणि किती दिवसांत परत घेऊ, एवढेच त्यावर असते. खाली दुकानदाराची सही आणि कारागिराचे नाव. मराठीत आणि हिंदीत, कारण छावणीत देशभरची माणसे येतात. 'माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी उतरवून त्याच खिळ्याला हे पुस्तक टांगले आहे. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी दुकानी येऊन घेऊन जावा. शुक्रवारी जुम्याच्या वेळी दुकान बंद असते.