विद्वत्तेला अधिकाराची जोड हवी

वर्णभेद कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर काय आघात करतो, हे केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बाहुल्यांच्या प्रयोगाने दाखविले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा दाखला घेतला. तथापि १८९२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेस पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष लाभला तो १९७१ साली, तेही क्लार्कच! वर्णद्वेषातील आपल्या वाट्याबद्दल संघटनेने क्षमा मागितली ती २०२१ मध्ये. न्यायासनाने मान्य केलेल्या विद्वत्तेलाही धोरण ठरविणारी खुर्ची आपोआप मिळत नाही. म्हणून वंचित समाजांतील नवोदित मानसशास्त्रज्ञांस ठराव मांडण्याचे, अंदाजपत्रक तपासण्याचे, समिती चालविण्याचे शिक्षण आरंभीच मिळाले पाहिजे. त्यांनाही ७९ वर्षे तिष्ठत ठेवणे कोणत्या न्यायात बसते?