वय नव्हे, पिंप विचारा

गुजरात राज्य 1960 साली वेगळं झालं, तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे बडोदा-भरूच रस्त्यावरच्या आमच्या करजणमध्ये व्हिस्कीची चर्चा चवीवरून होत नाही, आकड्यावरून होते. बारा वर्षांची चांगली, अठराची त्याहून चांगली, पंचवीसची तर बोलायलाच नको. चार बाटल्या शेजारी ठेवून पारखायची सोय नसेल तिथे लोक लेबलवरचा आकडा धरून बसणार, हे मी समजू शकतो. पण दुकानं उघडी असलेल्या मुंबई-पुण्यातही हेच ऐकू येतं आणि वर एक पुरवणी जोडलेली असते: भारतातली सिंगल माल्ट पाच-सहा वर्षांतच बाटलीत भरतात, म्हणजे ती कच्चीच. हा समज चुकीचा आहे. गोव्यात कुंकळ्ळीला आणि बंगळुरूत जे उत्तम काम चाललं आहे, त्याची किंमत या समजापायी आपणच कमी करतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. तांब्याच्या भट्टीतून उतरलेलं माल्ट पाण्यासारखं रंगहीन आणि जिभेला झोंबणारं असतं. स्कॉटलंडचा कायदा ते किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात ठेवायला लावतो, तो उगाच नव्हे. पिंपाच्या लाकडातून हवा अगदी संथपणे आत जाते, तिच्या संयोगाने फळांसारखे वास तयार होतात, कडक टोकं बोथट होतात. याला काळ लागतो, हे कोणीच नाकारत नाही.

पण लेबलवरचा आकडा नेमकं काय सांगतो? बाटलीत मिसळलेल्या व्हिस्क्यांपैकी सर्वांत कोवळीचं वय, एवढंच. ती कुठल्या पिंपात होती, ते पिंप आधी किती वेळा वापरलं होतं, यातलं काहीही तो सांगत नाही. आणि चव तर तिथेच ठरते.

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी वापरलेलं पिंप आतून पाहावं. साधारण दोनशे लिटरचं, पांढऱ्या ओकच्या फळ्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या. आतली बाजू आगीने जाळलेली असते. कोळशाचा थर मगरीच्या पाठीसारखा चौकोनी भेगांनी फुटलेला दिसतो. हा कोळसा नव्या दारूतले गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. त्याच्या खाली लालसर थर असतो. तिथे लाकडातल्या साखरा भाजून त्यांचं कॅरॅमल झालेलं असतं आणि लिग्निन तुटून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, मोकळं झालेलं असतं. ओकमधल्या लॅक्टोनमुळे ओल्या खोबऱ्याचा वास येतो, युजेनॉलमुळे लवंगेचा, टॅनिनमुळे जिभेवर तुरटपणा. शेरी भरलेलं युरोपी ओकचं पिंप असेल तर तुरटपणा वाढतो आणि मनुका-अंजिराची चव उतरते. ओकच का, याचंही कारण लाकडातच आहे. पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून फुगवट्यांनी बंद झालेल्या असतात. म्हणून फळी हवा घेते, पण गळत नाही.

हे सगळं द्रव्य पिंपात मर्यादित असतं. पहिल्यांदा भरलेली माल्ट त्यातलं बरंच काढून घेते, दुसरी त्याहून कमी, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते पिंप दोनदा उकळलेल्या चहापत्तीसारखं झालेलं असतं. अशा थकलेल्या पिंपात अठरा वर्षं पडून राहिलेली व्हिस्की फिकी निघू शकते. रंगावरूनही ओळखता येत नाही, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याची मुभा आहे. आकडा आणि रंग, ज्या दोन खुणांवर गिऱ्हाईक विसंबतं, त्या दोन्ही पिंपाबद्दल गप्प आहेत.

आता हवामान. पिंपातून दर वर्षी काही दारू उडून जाते. धंद्यात तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के. गोव्यात आठ टक्क्यांच्या आसपास आणि बंगळुरूत दहा-बारा टक्के, असं उत्पादक सांगतात. दोनशे लिटरचं पिंप स्कॉटलंडमध्ये अठरा वर्षं ठेवलं तर सुमारे एकशे एकोणचाळीस लिटर उरेल. तेच गोव्यात ठेवलं तर पंचेचाळीस, आणि बंगळुरूत दहाच टक्के धरले तरी जेमतेम तीस. उरलेली थोडीशी दारू उष्ण गोदामात लाकडातून तुरटपणा ओढतच राहते. मग व्हिस्कीची चव जाऊन लाकडाचीच चव उरते. पाच-सहा वर्षांत पिंप उघडणं ही घाई नाही. योग्य क्षण तोच असतो, आणि तो ओळखणं हेच त्या माणसांचं कसब आहे. बंगळुरूच्या अमृतने 2013 मध्ये आठ वर्षांची ‘ग्रीडी एंजल्स’ काढली, तेव्हा आठ वर्षं हीच भारतात मोठी बातमी होती, ती यामुळेच.

इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. भारतातलं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडमधली तीन वर्षं, असा हिशोब आपले समर्थक मोठ्या अभिमानाने मांडतात. तो सोडून द्यावा. उष्णतेने लाकडातली द्रव्यं लवकर उतरतात हे खरं, पण हवेच्या संयोगाने होणारे बदल त्याच पटीत धावत नाहीत. म्हणून गोव्याची सहा वर्षं म्हणजे स्कॉटलंडची अठरा नव्हेत. ती गोव्याची सहा वर्षं आहेत, आणि त्यांची चव वेगळी आहे. तिनाने गुणून आपण समोरच्याचीच मोजपट्टी हातात घेतो आणि तिच्यावर उंच दिसायची धडपड करतो.

दुसरी अतिशयोक्ती पिंपाच्या भक्तांची: चव म्हणजे फक्त लाकूड. तसं असतं तर काजूच्या फेणीला चवच नसती. भौगोलिक मानांकन 2009 साली मिळालेली ही गोव्याची दारू परंपरेने काचेच्या मोठ्या बुधल्यांत राहते, लाकडाचा तिला स्पर्श नाही, तरी तिचा वास खोलीभर ओळखू येतो. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन भट्टीत सहा ओळींच्या भारतीय बार्लीचं माल्ट गाळतात. त्यातून उतरणारी दारू तेलकट, भरदार लागते. त्या बार्लीचं अंग असल्यामुळेच बर्बनच्या पिंपातला व्हॅनिला आणि मध तिच्यावर शोभतो. पिंप देतं पुष्कळ, पण दारूत ते पेलण्याचं बळ आधी लागतं.

आणि आकड्याविना चव पटते, याचा पुरावा बाटलीत आहे. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 साली बंगळुरूत सुरू केलेल्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोला नेली, स्कॉचच्या माहेरी. तिथल्या दुकानदारांच्या गळी ती उतरवायला वर्षं लागली. भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची धुरावलेली बार्ली यांच्या मिलाफाची ‘फ्यूजन’ 2009 मध्ये आली, आणि व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांनी आपल्या 2010 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये तिला जगात तिसरं स्थान दिलं. पॉल जॉनची पहिली सिंगल माल्ट 2012 साली ब्रिटनमध्येच बाजारात उतरली. पुढे आलेल्या ‘ब्रिलियन्स’ आणि ‘बोल्ड’ यांच्याही लेबलवर वय नाही. आकडा नसतानाही जगाने त्या चाखल्या आणि मानल्या. वय विचारत बसलो ते आपण.

माझी मागणी उत्पादकांकडे आहे. लेबलवर पिंपाची जात छापा, ते कितव्यांदा भरलं ते छापा, माल्ट आत कधी गेली, बाहेर कधी आली आणि गोदाम कुठे होतं ते छापा. आज काही खास एका पिंपाच्या बाटल्यांवर यातलं थोडंफार असतं. साध्या बाटलीवरही ते हवं. गोदामाची जागा का महत्त्वाची, ते पुढे दिसेलच: फ्रेंच मद्यकंपनी पर्नो रिकारने नागपूरजवळ बुटीबोरीत माल्टची मोठी भट्टी उभारण्याचा करार 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारशी केला आहे. विदर्भाचा मे महिना गोव्यासारखा दमट नाही. कोरड्या उन्हात पिंपातून मद्यार्कापेक्षा पाणी जास्त उडतं आणि आतली दारू वर्षागणिक कडक होत जाते. तिथे पिंप कधी उघडायचं हे स्कॉटलंडच्या वहीत सापडणार नाही, कुंकळ्ळीच्याही नाही. नागपूरच्या गोदामात एकेक पिंप दर ऋतूत चाखूनच ते ठरवावं लागेल.