पुस्तक छापले, पण विकायचे कुणी?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. जनरल डब्यात उभ्याने प्रवास करून आलेला आपला माणूस परत जाताना पिशवीत एक तरी पुस्तक घेऊन जातो. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. पण हे दोन सोहळे आटोपले की वर्षभर आपल्या लेखकाचे पुस्तक कुठे असते? बहुतेक वेळा त्याच्याच घरात, पलंगाखाली, गठ्ठे बांधून ठेवलेले!

आपला लेखक कोण आहे? शिक्षक, रेल्वेतला कर्मचारी, बँकेतला कारकून. प्रस्थापित प्रकाशक दारात उभे करीत नाहीत म्हणून तो फंडाच्या पैशातून स्वतःच हजार प्रती छापतो. मग प्रकाशन सोहळा होतो. हॉलचे भाडे, शाली, पुष्पगुच्छ, चार पुढाऱ्यांची भाषणे. दीडदोनशे प्रती 'सप्रेम भेट' म्हणून वाटल्या जातात. ज्यांना मिळतात त्यातले किती जण वाचतात, हा प्रश्न विचारायचा नाही. उरलेल्या प्रती विकायला लेखक लाजतो. चळवळीत असून धंदा करतो, असे कुणी म्हणेल ही भीती. दुसरे पुस्तक लिहून तयार असते, पण पहिल्याचे पैसे अडकल्यामुळे ते छापलेच जात नाही. अशा रीतीने आपणच आपल्या लेखकाची लेखणी थांबवतो.

पुस्तक लोकांपर्यंत नेणे हलके काम आहे, हे आपल्याला कुणी शिकवले? निदान आपल्या महापुरुषांनी तरी नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. ते पुस्तक त्यांच्या हयातीत पूर्ण स्वरूपात छापले गेले नाही. पण ते थांबले नाहीत. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जाऊन त्यांनी तो लोकांना वाचून दाखवला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. आजच्या भाषेत ज्याला पुस्तकाचे प्रमोशन म्हणतात, ते जोतिरावांनी पायपीट करून केले.

१९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण पेलवणार नाही म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः प्रसिद्ध केले. १५०० प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी हा आकडा व भाषांतरांची माहिती आवर्जून दिली. तेच 'जातिभेद निर्मूलन' आज जगभर अभ्यासले जाते.

यापेक्षाही वेदनादायक प्रसंग १९५६ चा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापण्याचा खर्च बाबासाहेबांना पेलवत नव्हता. १४ सप्टेंबरला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने सुमारे ५०० प्रती ग्रंथालयांसाठी घ्याव्यात अशी विनंती केली. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठीचा निधी संपल्याचे उत्तर आले. समारंभाच्या वेळी पुस्तक विक्रीला ठेवावे, असे वर सुचवण्यात आले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा बाबासाहेब नव्हते. घटनेच्या शिल्पकाराला आपल्या ग्रंथासाठी खरेदीदार शोधावे लागले आणि त्यांनी त्यात कमीपणा मानला नाही. मग आपण कोण?

तेव्हा लेखकांनी संकोच सोडावा आणि काही गोष्टी नीट कराव्यात. छापण्याआधी प्रुफे दुसऱ्याकडून तपासून घ्यावीत. चुकांनी भरलेले पुस्तक कितीही जाहिरात केली तरी चालत नाही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. किंमत ठरवताना विक्रेत्याचे कमिशन आणि टपाल धरावे, नाहीतर प्रत्येक प्रतीमागे खिशातून भर घालावी लागते. प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ नोंदणी घ्यावी आणि तेवढ्याच प्रती आधी छापाव्यात. आता छोटी आवृत्तीही छापून मिळते. हजाराचा हट्ट कशाला? सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानातून पुस्तके घ्यावी लागतात. तालुक्याच्या ग्रंथालयात आपल्या सभासदांनी पुस्तकाची लेखी मागणी नोंदवावी.

वकील म्हणून एक सांगणे माझे कर्तव्य आहे. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असे लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखीच लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. रॉयल्टी किती हे त्यात स्पष्ट असले पाहिजे. ज्या समाजाला बाबासाहेबांनी कायद्याची भाषा दिली, त्या समाजाचा लेखक तोंडी शब्दावर फसू नये.

आता वाचकांविषयी. नवे पुस्तक आले की कुणीतरी त्याची पीडीएफ करून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो आणि वर 'जय भीम' लिहितो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची कॉपीराइटची मुदत २०१६ अखेर संपली. ते जरूर वाटा. पण हयात लेखकाचे पुस्तक त्याला न विचारता वाटणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याच्या फंडाच्या पैशावर घातलेला घाला आहे. लेखक ओळखीचा आहे म्हणून फुकट प्रत मागणे, हा त्याच घाल्याचा सभ्य प्रकार.

प्रत्येक विहारात एक कपाट, वर्षावासात दर रविवारी एका नव्या पुस्तकाचे वाचन, आणि वाचनानंतर दारात पैसे देऊन विक्री, एवढे जरी सुरू झाले तरी पलंगाखालचे गठ्ठे मोकळे होतील. जयंतीच्या वर्गणीतून डीजेसाठी जेवढे काढतो, त्याचा एक हिस्सा पुस्तक खरेदीला ठेवा. मंडळाने २५ प्रती रोखीने घेतल्या तर एका लेखकाचा छपाईचा मोठा भार हलका होतो.

पुढाऱ्याच्या हारासाठी आपल्याकडे पैसे असतात. लेखकाच्या पुस्तकासाठी ते का नसतात, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःलाच द्यावे.