बेडूक पाहावा, बांधूं नये

मृगाच्या सरी पडल्या कीं आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ मंडळी डोंगरांकडे वळतात. कोणी उत्तरेस सातपुड्यांत अंबाबरव्याच्या बाजूस जातात, तर कोणी बुलढाण्याहून खामगांवच्या रस्त्यानें बोथ्याच्या रानांत. परत आल्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते, कीं वाघ दिसला नाहीं. पायांशीं बसलेल्या बेडकाकडे मात्र कोणीं पाहिलेलें नसतें. आमच्या मतें ही मोठी उणीव होय.

बेडूक व भेक यांतील भेद लहान मुलासही कळण्यासारखा आहे. बेडकाची कातडी मऊ व ओलसर, मागील पाय लांब आणि उडी मोठी असते. भेकाची कातडी कोरडी व खडबडीत, पाय आंखूड आणि उडी तोकडी असते. शिवाय त्याच्या डोळ्यांमागें दोन फुगीर ग्रंथी असतात. त्यांतील रस डोळ्यांस झोंबतो, म्हणून भेकास हात लागल्यास तो धुवावा. परंतु त्याच्या स्पर्शानें चामखीळ येते, ही समजूत खोटी आहे. पहिल्या मोठ्या पावसांत आपला मोठा हिरवा बेडूक अवश्य पाहावा. नर हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडतांना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. हें रूप थोडेच दिवस टिकतें.

पाऊस लांबला म्हणजे वऱ्हाडांतील कित्येक गांवीं मुलें अंगास कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी मागत फिरतात आणि मुसळास जिवंत बेडूक टांगतात. ह्या चालीमागील श्रद्धा व गांवचा एकोपा आम्हांस आदरणीय वाटतो. तथापि बेडूक ओरडतो म्हणून पाऊस येत नाहीं. पाऊस येतो म्हणून बेडूक ओरडतो. तो कातडीवाटेंही श्वास घेतो. ती सुकली कीं त्याचा जीव गुदमरतो. अंडीं घालण्याच्या ऐन दिवसांत एक मादी मेली म्हणजे हजारों अंडीं गेलीं, आणि शेतांतील किडे खाणारे तितके जीव जन्मापूर्वींच नाहींसे झाले. बेडकांचे पाय परदेशीं धाडण्याचा व्यापार भारत सरकारनें १९८७ सालीं बंद केला. व्यापाऱ्यास जें वर्ज्य झालें, तें आपल्या अंगणांत कां चालावें?

धोंडी अवश्य निघावी; परंतु मुसळास मातीचा बेडूक बांधावा, आणि तो घरच्या वडीलमंडळींनींच घडवून द्यावा. जिवंत बेडूक टांगल्यावांचून वरुणराजा प्रसन्न होणार नाहीं असें कोणी म्हणेल, तर बेडूक टांगूनही कोरडीं गेलेलीं वर्षें त्यानें आठवावीं. विद्यार्थ्यांनीं सहलीस वही न्यावी आणि बेडूक कोठें दिसला, रंग कसा, आवाज कसा, तें टिपावें. जो प्राणी एकदां नीट पाहिला, त्यास दोरी बांधावयास हात सहसा धजत नाहीं.