रापणीतला वाटा

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. १९७१ साली याच तारखेला नौदलाने कराचीवर हल्ला चढवला होता. समोर सिंधुदुर्ग किल्ला, पाण्यात युद्धनौका, आकाशात विमाने आणि वाळूवर दाटलेली गर्दी. टाळ्या पडल्या त्या नौसैनिकांना, वैमानिकांना, कमांडोंना. आणि त्या योग्यच होत्या. पण नौकेचे पोलाद, तिचा रंग, तिची शस्त्रे ज्यांनी वर्षानुवर्षे तपासली, त्या संरक्षण प्रयोगशाळांतल्या माणसांची आठवण त्या गर्दीत कितीजणांना झाली असेल?

या माणसांचे काम तारकर्लीकराला समजावून सांगावे लागत नाही. खारा वारा खिडकीचे गज कसे खातो, पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळाला शिंपले कसे धरतात, हे इथे घरोघरी ठाऊक आहे. तीच खोड युद्धनौकेलाही लागते. तळ खडबडीत झाला की वेग घटतो, इंधन जास्त जळते. या गंजाशी आणि शिंपल्यांशी झुंजणारी आपली प्रयोगशाळा अंबरनाथला आहे. मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ साली सुरू झालेल्या कामातून ती उभी राहिली. आज ती संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची, म्हणजे डीआरडीओची, नौदल सामग्री प्रयोगशाळा आहे.

अशा ठिकाणी दिवस कसा जातो? मोबाइल फाटकावर जमा करायचा आणि आत जायचे. रंगाचे थर दिलेल्या पोलादी पट्ट्या समुद्रात सोडायच्या, महिन्यांनी वर काढायच्या, खरवडायच्या, तोलायच्या, नोंद करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायच्या. समुद्राला घाई करता येत नाही. दोन वर्षांनी थर सुटला तर मिश्रण बदलून पहिल्यापासून सुरुवात. शिष्यवृत्तीवर आलेल्या तरुण संशोधकाची मुदत संपते, तरी त्याची पट्टी पाण्यातच असते. निष्कर्ष हाती आला तरी तो छापायला परवानगी लागते. संध्याकाळी घरी आई विचारते, आज काय केलेस? उत्तर असते, नेहमीचेच.

याच प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फ्युएल सेलवर चालणारी वीजयंत्रणा घडवली. डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी हवा घ्यायला पृष्ठभागाजवळ यावे लागते, आणि तीच वेळ तिच्या जिवावर बेतणारी असते. ही यंत्रणा असली तर पाणबुडी कितीतरी अधिक काळ खोल पाण्यात राहू शकते. ८ मार्च २०२१ रोजी जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. पण २०१७ साली दाखल झालेल्या ‘कलवरी’पासून जानेवारी २०२५ मधल्या ‘वागशीर’पर्यंत त्या वर्गातल्या सहाही पाणबुड्या या यंत्रणेविनाच नौदलात आल्या. ती पाणबुडीत बसवण्यासाठी लागणारा भाग बांधण्याचा करार माझगाव डॉकशी झाला तो ३० डिसेंबर २०२४ रोजी. उशीर झाला, हे खरे आहे. पण तो कशाने झाला? रसायनाने दगा दिला, सुटा भाग मिळाला नाही, की फाइल कुठल्या टेबलावर पडून राहिली? याचे उत्तर लोकांपुढे येत नाही, म्हणून सगळा दोष सरसकट ‘सरकारी शास्त्रज्ञां’च्या माथी बसतो. पुण्याच्या पाषाणमधल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत ‘पिनाक’ रॉकेट प्रणाली घडत होती, तेव्हाही वर्षे लागलीच. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत ती उपयोगी पडली, तेव्हा त्या वर्षांचा अर्थ लोकांना कळला.

गुपित राखलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मिश्रणाचे प्रमाण, पल्ला, खोली यांतले काहीही बाहेर जाता कामा नये. पण गुपित शस्त्राचे असते. ते घडवणारा माणूस, त्याची वर्षे आणि त्याचे फसलेले प्रयोग कायमचे कुलपात ठेवण्याचे कारण नाही. एखादे काम नौदलाच्या हाती सोपवले की सुरक्षेला बाध येणार नाही इतकी त्याची हकिगत खुली करावी. तीत प्रमुखांबरोबर पट्ट्या खरवडणाऱ्या तंत्रज्ञाचेही नाव असावे, आणि मुदत चुकली असेल तर तिचे कारणही असावे. मालवणच्या शाळेतल्या मुलीला नौदल म्हटले की गणवेशाइतकीच प्रयोगशाळाही आठवली पाहिजे. गंजाशी तिची ओळख जन्मापासूनची आहे. त्यावर उपाय शोधणे हीदेखील देशसेवा आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

तारकर्लीच्या वाळूवर रापणीचे जाळे ओढले जाते तेव्हा होडीतून ते सोडून येणारे थोडे असतात, दोर ओढणारे पुष्कळ. मासळी वर आली की दोर ओढणाऱ्यालाही वाटा मिळतो; तो समुद्रात गेला नव्हता म्हणून त्याला कोणी वगळत नाही. आणि दोर सैल सोडणाऱ्याला तिथल्या तिथे जाब विचारला जातो. मान आणि जाब, दोन्ही त्याच वाट्यात येतात. अंबरनाथ आणि पाषाणची माणसे याच दोराला हात लावून उभी आहेत. रापणीचा हा न्याय त्यांनाही लागू झाला पाहिजे.