दारे नसलेल्या गावात

मुलांनो, शनिशिंगणापूर हे नाव तुम्ही ऐकले असेल. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातले हे गाव. घरांना चौकट असते, पण दार लावायचे नाही, अशी तिथली जुनी परंपरा. शनिदेवाची काळी शिळाही उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाही. तरीही त्या चौथऱ्यावर चढण्यास स्त्रियांना अनेक वर्षे मनाई होती. दारे नसलेल्या गावात एक दार मात्र बंद होते.

नोव्हेंबर 2015 मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तेव्हा दुधाने शिळेची 'शुद्धी' करण्यात आली. पुढे आंदोलन झाले. जिथे पुरुषाला प्रवेश आहे तिथे स्त्रीला अडवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1956 च्या कायद्याच्या आधारे सांगितले. 8 एप्रिल 2016 रोजी, गुढीपाडव्याला, बंदी उठली.

शेजाऱ्याच्या घरातले सांगून थांबणे बरे नाही. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात पूर्वी स्त्रिया मजारीपर्यंत जात. 2012 च्या सुमारास त्यांना मनाई झाली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर 2016 मध्ये स्त्रिया पुन्हा मजारीजवळ पोहोचल्या.

मग इन्साफ पूर्ण झाला का? मला तसे वाटत नाही. शिंगणापूरच्या विश्वस्त मंडळावर जानेवारी 2016 मध्ये प्रथमच एक स्त्री अध्यक्षा झाली होती, तरी बंदी लगेच उठली नाही. न्यायालय पायरी मोकळी करते. रोजचे बोलणे, गाणे, हसणे यांत जी दारे असतात, ती आपल्यालाच शोधावी लागतात.

आपल्या आज्या-पणज्यांनी ती केव्हाच शोधली होती. पहाटे जात्यावर दळताना खेड्यांतल्या बायका ओव्या गात. मुलगी झाली म्हणून नाराज होणारे घर, सासरचा जाच, वनवासातल्या सीतेवरचा अन्याय, सारे त्या ओव्यांत आहे. समोर बोलण्याची मुभा नव्हती, पण जात्यापाशी त्यांना कोण अडवणार? हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या दखनी बोलीतही चक्कीनामे आहेत. ते बहुधा सूफींनी रचले, पण दळता दळता गायल्या त्या बायकाच. जाते काही कोणाचा धर्म विचारत नव्हते.

आता आपल्या वर्गाकडे येतो. एकदा मी नववीला पाच वाक्ये लिहायला दिली होती : 'शाळेतून घरी गेल्यावर मी काय करतो किंवा करते?' मुलग्यांनी लिहिले, 'मी खेळतो', 'मी फिरतो'. मुलींनी लिहिले, 'मी भांडी घासते', 'मी भावाला वाढते'. मराठीत क्रियापद लगेच सांगते, बोलणारा कोण. मी वह्यांची अदलाबदल केली आणि क्रियापद बदलून वाचायला सांगितले. एक मुलगा उठून वाचू लागला, 'मी भांडी घासतो.' वर्गात एकच हशा पिकला.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आम्ही 'घासते' वाचले तेव्हा कोणी हसले नाही. आता कशाचे हसू आले?"

मला उत्तर सुचेना. खरे तर घरी मी स्वतः किती भांडी घासतो, हेही तिने विचारायला हवे होते.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलींनीच दहा मिनिटांची नाटिका लिहिली. चूल मुलग्यांच्या वाट्याला आली आणि भाकऱ्या करपल्या. पाहायला आलेल्या आया तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक मला फाटकापाशी भेटली. म्हणाली, "सर, माझ्या मुलाने स्टेजवर भाकरी छान थापली. त्याला सांगा ना, रविवारी घरीही थाप म्हणून. करपली तरी आम्ही खाऊ."